दोन सूत खाली

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मुंगळ्याची नोकरी गेली.

काचेच्या छोट्या खोलीत त्याला बोलावलं, तेव्हा समोर मॅनेजर आणि एचआरच्या बाई बसल्या होत्या, आणि टेबलावर कागदी रुमालांचा डबा आधीच मांडून ठेवला होता. डबा पाहूनच त्याला काय ते कळलं. तो रडला नाही. बाईंना जरा चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी डबा हळूच त्याच्याकडे सरकवला. पाच मिनिटांत गळ्यातलं कार्ड गेलं, लॅपटॉप गेला आणि हातात एक फॉर्म आला. पंधरा दिवसांत सही करून आणून द्यायचा, मग तीन महिन्यांचा पगार आणि मॅनेजरांचं शिफारसपत्र मिळायचं. फॉर्मच्या तळाशी छापलं होतं: 'माझ्याकडील सर्व कामे मी सोपवली आहेत. माझ्या हाती काहीही शिल्लक नाही.' त्याखाली, कुणाचं काही असलंच तर लिहायला, चार रिकाम्या ओळी होत्या. बाई म्हणाल्या, पंधराव्या दिवशी दुपारी बाराला तुमच्या नावाचं इथलं सगळं आपोआप पुसलं जातं, मेलबॉक्ससुद्धा. म्हणजे तुम्हीही मोकळे आणि आम्हीही.

मुंगळा हे त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी वडिलांनी ठेवलेलं. एकदा धरलं की डोकं तुटेल पण सोडणार नाही, असा स्वभाव म्हणून. बायकोने ते एकदा ऑफिसच्या जेवणात सांगून टाकलं आणि तिथेही तेच रूढ झालं. बेचाळीस वर्षांचा माणूस, कानशिलं पिकलेली, पण सगळ्यांना मुंगळाच.

घरी त्याने काही लपवलं नाही. बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. संध्याकाळी ती आली तशी त्याने चहाचा कप तिच्या हातात दिला आणि सरळ सांगितलं. तिने एक घोट घेतला. मग म्हणाली, बरं झालं, आता सकाळी उठल्यावर फोनचं तोंड बघायच्या आधी माझं बघशील. हसू उसनं होतं, पण तिने ते आणलं. वडील, म्हणजे अप्पा, खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांची सारी हयात कारखान्यात लेथवर गेलेली. त्यांनी एवढंच विचारलं की मशीन कुणाच्या हातात देऊन आलास. मुंगळा म्हणाला, अप्पा, आमच्या कामात मशीन नसतं. असं कसं, म्हणाले अप्पा.

पुढचे दिवस म्हणावे तसे वाईट गेले नाहीत. चौथ्या दिवशीच जुन्या ओळखीतून दुसऱ्या एका कंपनीत बोलणं झालं. पगार थोडा कमी, पण काम ओळखीचं. त्यांची अट एकच, जुन्या मॅनेजरांचं पत्र आणा आणि एक तारखेला रुजू व्हा. म्हणजे सही करायची, पत्र घ्यायचं, की गाडी पुन्हा रुळावर. बायकोने त्याचे शर्ट इस्त्रीला काढले.

पण रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मुंगळ्याचा हात आपोआप फोनकडे जायचा आणि फोन गप्प असायचा. नोकरी गेल्याचं दुःख, लोकांना तोंड दाखवायची लाज, हे सगळं त्याने धरलेलंच होतं. त्या गप्प फोनमुळे मात्र त्याच्या मनात पाल चुकचुकत राहिली.

ती का, हे कळायला चार वर्षं मागे जायला हवं.

त्याची कंपनी लिफ्ट बनवत नव्हती, लिफ्टवर नजर ठेवणारा प्रोग्राम बनवत होती. ठिकठिकाणच्या अकराशे लिफ्टी. प्रत्येकीच्या माथ्यावर, मोटरच्या खोलीत, तळहाताएवढी एक डबी बसवलेली. दार नीट लागलं का, लिफ्ट मजल्याला बरोबर थांबली का, ब्रेक घसरला का, हे डबीने ऑफिसला कळवायचं आणि ऑफिसातून मेकॅनिकच्या फोनवर काम निघायचं. डब्या नव्या होत्या तेव्हा त्यांनी उच्छाद मांडला. धुळीचा कण बसला तरी ब्रेक घसरला म्हणून बोंब मारायच्या. मेकॅनिक दिवसाला चार-चार खेपा घालायचे आणि हात हलवत परत यायचे. त्यांच्यातल्या एका जुन्या मिस्त्रीने मुंगळ्याला फोनवर सुनावलं होतं, की तुमची डबी शिंकली तरी मी जिने चढतो, एकदा तिलाच औषध द्या.

मॅनेजर मुंगळ्याला म्हणाले, संध्याकाळपर्यंत हा गोंगाट बंद कर, कसा केलास ते मला सांगू नकोस. मुंगळ्याने प्रोग्राममध्ये एक ओळ लिहिली. ब्रेकच्या बारीक तक्रारी मेकॅनिककडे न जाता आधी त्याच्या एकट्याच्या मेलबॉक्समध्ये येतील. सकाळी सात दहाला त्यांची यादी त्याच्या फोनवर येईल. तो ती डोळ्यांनी चाळेल आणि खऱ्या असतील तेवढ्याच पुढे पाठवेल. ओळीशेजारी त्याने टीप लिहिली: 'तात्पुरतं. या आठवड्यापुरतं.'

तो आठवडा चार वर्षं चालला. रोज चहाबरोबर शंभर-सव्वाशे आकडे. हळूहळू त्याचा डोळा असा बसला की धूळ कोणती आणि घसरण कोणती हे त्याला चालीवरून कळायचं. धुळीचे आकडे कसेही उड्या मारतात, आज वर, उद्या खाली, परवा काहीच नाही. खरा झिजलेला ब्रेक तसं करत नाही. भरलेली लिफ्ट खाली येताना दरवेळी मजल्याच्या थोडी खालीच थांबते, आणि रोज किंचित जास्त खाली. पंधरा-वीस दिवस ओळीने पाहिलं तर न चुकता कळतं. आठवड्याकाठी अशा पाच-सहा निघायच्या. मुंगळा त्या 'नेहमीची तपासणी' अशा साध्या नावाने मिस्त्रीकडे पाठवायचा, मिस्त्री जाऊन ब्रेकच्या पट्ट्या बदलायचा. कुणाला काही माहीत नव्हतं. गेल्या वर्षी ब्रेकचा एकही अपघात नाही म्हणून मॅनेजरांना बक्षीस मिळालं, तेव्हा प्रोग्राम किती हुशार आहे यावर भाषण झालं. मुंगळ्यानेही टाळ्या वाजवल्या. आणि खरं सांगायचं तर, आपल्यावाचून हे चालत नाही ही गोष्ट त्याला आतून गोड लागली होती. म्हणूनच ती ओळ त्याने कधी काढली नाही.

फॉर्म हातात आला तेव्हा ती ओळ त्याला आठवली नाही असं नव्हतं. रुमालांच्या डब्याकडे बघतानाच आठवली. पण त्या क्षणी छातीत असा कढ आला की तो मनात म्हणाला, बघू दे आता यांना. हा विचार एका श्वासाएवढाच टिकला, पण तेवढ्यात सांगायची वेळ निघून गेली. त्या दिवशीच्या यादीत चार लिफ्टी अशा होत्या की ज्यांची चाल त्याला आवडली नव्हती. दुपारी मिस्त्रीकडे पाठवायच्या म्हणून त्याने बाजूला काढल्या होत्या. दुपार त्याच्या वाट्याला आलीच नाही.

सहाव्या दिवशी अप्पा खालच्या बाकावरून परत आले. अप्पांचे गुडघे गेलेले, चार पायांच्या वॉकरवर चालायचे. घर नवव्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट एकच. सकाळी लिफ्टने खाली जायचं, त्यांच्यासारख्याच दोघा-तिघांबरोबर बाकावर बसायचं आणि जेवणाच्या आधी वर यायचं, एवढंच त्यांचं जग उरलं होतं. वॉकर भिंतीला टेकवत ते म्हणाले, "लिफ्ट खाली दोन सूत बसते रे आजकाल. चाक अडतं माझं."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अप्पांनी चाळीस वर्षं लोखंड बोटांनी मोजलेलं. त्यांना पट्टी लागायची नाही.

मुंगळा म्हणाला, धूळ असेल. म्हणाला खरा, पण या लिफ्टच्या माथ्यावरही कंपनीचीच डबी होती. आपल्या इमारतीचा नंबर शेवटच्या यादीत नव्हता हे त्याला पक्कं आठवत होतं. म्हणजे हे नंतर सुरू झालं होतं, आणि बघायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघालेल्या लोकांच्या गर्दीत तो मुद्दाम लिफ्टने खाली गेला. दार उघडलं, माणसं एक-एक करून बाहेर पडली, आणि प्रत्येकाने न बघताच पाऊल किंचित उचललं. त्यांच्या पायांना सवयही झाली होती, डोक्यांना पत्ता नव्हता. तो बूट बांधण्याच्या निमित्ताने वाकला आणि बोट लावून पाहिलं. तीन सूत. रिकामी लिफ्ट वर जाऊन आली तेव्हा मजल्याला अगदी बरोबर लागली. धूळ अशी वागत नाही.

त्या दिवसापासून मुंगळा जिन्याने चढू-उतरू लागला. अप्पांना म्हणाला, दोन दिवस खाली नका जाऊ, वारा फार आहे. अप्पांनी खिडकीबाहेर बघितलं. झाडाचं पान हलत नव्हतं.

त्याने मिस्त्रीला फोन लावला. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या, नोकरी गेल्याबद्दल मिस्त्रीने हळहळ व्यक्त केली. मग मुंगळ्याने विचारलं, आमच्या इमारतीत जरा डोकावून जाल का. मिस्त्री म्हणाला, डोकावलो असतो, पण आता मोटरच्या खोलीला नवीन कुलूप आहे, फोनवर काम आलं तरच त्याचा आकडा येतो. तुम्ही लोकांनीच बसवलंय ना ते. पाठवा की एक नेहमीची तपासणी, लगेच येतो.

मुंगळा म्हणाला, माझ्या हातात आता काही नाही.

"तरीच," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही गेल्यापासून एकही तपासणी आलेली नाही. साहेब म्हणतात लिफ्टी सुधारल्या. आमच्यातल्या सहा जणांना घरी बसायला सांगितलंय, ब्रेकचं कामच नाही म्हणून. लिफ्ट कधी सुधारते का हो? माणसासारखीच ती. म्हातारी होते, दुसरं काय."

मुंगळ्याने फोन ठेवला. आपण गप्प बसलो की फार तर काही तक्रारी पडून राहतील, एवढंच त्याने धरलं होतं. आपल्या गप्प बसण्याचा अर्थ 'सगळं ठीक' असा लावून माणसं घरी पाठवली जातील, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दहाव्या दिवशी मॅनेजरांनी स्वतःहून बोलावलं. दारावरच्या माणसाने वहीत पाहुणा म्हणून नाव लिहून घेतलं. मॅनेजर छान बोलले, चहा मागवला. नव्या कंपनीचा फोन आला होता, मी तुझ्याबद्दल चांगलंच सांगितलं, पत्रही टाईप करून ठेवलंय, फक्त फॉर्म दे, असं म्हणाले. मग कौतुकाने त्याला हॉलमधल्या मोठ्या पडद्यासमोर घेऊन गेले. पडद्यावर अकराशे लिफ्टींच्या ब्रेकचे अकराशे ठिपके, आणि सगळे हिरवे. एरवी पाच-दहा तरी पिवळे असायचे.

"तू गेलास आणि एकही पिवळा नाही बघ," मॅनेजर त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसले. "तूच अपशकुनी होतास की काय?"

मुंगळ्याला हसता आलं नाही. ते हिरवे ठिपके त्याला मिटलेल्या डोळ्यांसारखे दिसत होते. पिवळे व्हायचे ते त्याने पाठवलेल्या कामांमुळे. आता पाठवणारा नव्हता, म्हणून सगळं हिरवं. त्याने आडून विषय काढला. समजा, म्हणाला, माझं एखादं जुनं काम आत कुठे राहून गेलं असेल, तर? मॅनेजरांनी खांद्यावरचा हात काढला. आवाज मात्र चढवला नाही.

"राहिलं असेल तर तुला सही करता येणार नाही. सही नाही तर पत्र नाही, आणि प्रकरण वकिलांकडे जाईल. चार वर्षांचं सगळं उकरून काढतील, तुझंही आणि माझंही. म्हणून विचार करून सांग. जे ऐकल्यावर मला गप्प बसता येणार नाही, ते मला ऐकवू नकोस."

 फॉर्म खिशात होता. पेन मॅनेजरांनी पुढे केलं होतं. तो म्हणाला, घरी चष्मा राहिलाय, वाचून सही करतो. चष्मा त्याच्या नाकावर होता. दोघांनीही तिकडे दुर्लक्ष केलं.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ओळ, यादी, त्या चार लिफ्टी, खालची तीन सुतं. तोवर ती चार सुतं झाली होती, म्हणजे अर्धा इंच. ती भाजी चिरत ऐकत होती. मध्ये एकदाच तिची सुरी थांबली. मग तिने आपलं म्हणणं मांडलं, आणि ते काही चुकीचं नव्हतं. अकराशे लिफ्टी तू एकट्याने दोन हातांवर तोलून धरल्या होत्यास, तेव्हा तुला कुणी विचारलं नाही. आता काढून टाकल्यावरही तूच तोलायच्या? त्यांच्याकडे माणसं आहेत, यंत्रं आहेत. कुणीतरी बघेलच. तुझ्या या वयात पत्र नसलेल्या माणसाला दारात कोण उभं करतं? सही कर, मोकळा हो, आणि मग हवं तर निनावी पत्र टाक.

"कुणीतरी म्हणजे कोण?" मुंगळ्याने विचारलं.

तिने पुढची भाजी चिरायला घेतली. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावणारी बाई ती. दिसत नसताना दिसतंय म्हणणारे तिने पुष्कळ पाहिले होते. 

सकाळी ती नेहमीसारखी पर्स घेऊन निघाली. लिफ्ट नवव्या मजल्यावरच उभी होती, दार उघडं, आतला दिवा लागलेला. ती दारापाशी क्षणभर थांबली, चपलेचा पट्टा घट्ट केला आणि जिन्याने उतरायला लागली. नऊ मजले. मुंगळा दारातून ऐकत राहिला, तिची पावलं खाली-खाली जाऊन विरेपर्यंत. तिने मागे वळून पाहिलं नाही.

मुंगळ्याने सेक्रेटरींकडे जाऊन पाहिलं. हे गृहस्थ तिसऱ्या मजल्यावर राहायचे आणि इमारतीचा सगळा कारभार आपल्या कपाळावर लिहून आल्यासारखे वागायचे. त्यांनी फोन काढून दाखवला. लिफ्टच्या नावापुढे हिरवा ठिपका. तुमच्याच कंपनीचं आहे ना हे, म्हणाले; आता नोकरी गेली म्हणून ते लगेच खोटं झालं का?  ते हिरवं मुंगळ्याच्याच हातचं होतं.

अकरावा, बारावा, तेरावा दिवस. सहा सुतं. आता लिफ्ट खाली थांबताना एक आवाज यायला लागला होता, ओला पाट फरशीवरून ओढावा तसा. फार मोठा नव्हता. लोक फोनवर बोलत बाहेर पडायचे, कुणाच्या कानावर जायचा नाही. मुंगळ्याला तो नवव्या मजल्यावर, दार लावून, उशीखाली डोकं घातलं तरी ऐकू यायचा. यायचा की त्याला वाटायचा, देव जाणे. मग त्याला त्या चार लिफ्टी आठवायच्या. आपल्या इमारतीची लिफ्ट सात दिवसांत दोन सुतांवरून सहावर आली. त्या चार तर आधीपासूनच घसरत होत्या. त्यांचे आज किती झाले असतील?

पंधरावा दिवस उजाडला. चार वाजेपर्यंत फॉर्म द्यायचा होता. मुंगळ्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि फॉर्म समोर ठेवून घड्याळाकडे बघत बसला. बाराच्या आत बोललो तर मेलबॉक्स वाचेल, जुने आकडे वाचतील, हे त्याला समजत होतं. अकरा वाजले. साडेअकरा. ऑफिसचा नंबर काढून त्याने अंगठा तीनदा त्यावर धरला आणि तीनदा उचलला. पत्र, एक तारीख, वकील, बायकोच्या खांद्यांवर येणारा भार, सगळं एकावर एक येत राहिलं. मग बारा वाजले.

काही झालं नाही. कुठे आवाज झाला नाही. घड्याळाचा काटा पुढे सरकला एवढंच. मुंगळ्याला मात्र विहिरीत दगड सोडावा आणि तळ लागल्याचा आवाजच येऊ नये तसं वाटलं.

आणि मग त्याच्या लक्षात आलं की घर फार शांत आहे. अप्पांची खुर्ची रिकामी होती. भिंतीजवळ वॉकर नव्हता. आठ दिवस कोंडून घातलेला म्हातारा, वारा नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून, न सांगता बाकावर निघाला होता.

मुंगळा फॉर्म हातात घेऊनच धावला. लिफ्ट नवव्या मजल्यावर नव्हती. दारावरचे आकडे सांगत होते की ती बाराव्यावर गेली आहे. तिथलं बिऱ्हाड आज हलत होतं. सकाळपासून हमाल सामान उतरवत होते. तो जिन्याने उड्या मारत निघाला. चौथ्या मजल्यावर पोचला तेव्हा शेजारच्या भिंतीतून लिफ्ट खाली गेली, आणि ती गेली तेव्हा नेहमीचा आवाज लांबत-लांबत किंचाळल्यासारखा झाला.

खाली दार उघडलं होतं. आत लोखंडी कपाट, पुस्तकांची खोकी, दोन हमाल आणि कोपऱ्यात वॉकर छातीशी धरून अप्पा. लिफ्ट वर जातानाच नवव्यावर हमालांनी त्यांना आत घेतलं होतं, या बाबा, सामानाबरोबर मावाल तुम्ही, म्हणून. लिफ्टचा तळ फरशीच्या इतका खाली होता की हमाल कपाट बाहेर ओढताना ठेचकाळले आणि शिव्या देऊ लागले.

अप्पांनी उंबऱ्याला हात लावला. "बारा सुतं," ते म्हणाले. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. "हे तुला ठाऊक होतं."

 त्याने अप्पांना काखेत धरून वर उचलून घेतलं. हमाल मोकळ्या लिफ्टकडे वळले. वर अजून फ्रिज होता, ग्रंथांची तीन खोकी होती. मुंगळा दारात आडवा उभा राहिला. दार मिटायला आलं, त्याच्या खांद्याला लागून मागे गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं.

गर्दी जमायला वेळ लागला नाही. सेक्रेटरी आले. त्यांनी फोनवरचा हिरवा ठिपका चौघांना दाखवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घरी बसून डोकं फिरतं माणसाचं. नोकरी यांची गेली आणि जिने आम्ही चढायचे?"

कुणीतरी हसलं. एका हमालाने मुंगळ्याचा दंड धरला. तेवढ्यात अप्पांनी आपला वॉकर उचलला आणि लिफ्टच्या दारात आडवा टाकला. दार त्यावर आपटलं आणि उघडंच राहिलं. वॉकरशिवाय अप्पा भिंतीला धरून उभे होते.

"मुंगळ्या," ते म्हणाले, "चालू मशीन सोडून माणूस घरी जात नाही. आधी सांगून ये."

मुंगळ्याने फॉर्म भिंतीला लावला. रिकाम्या ओळींत लिहिलं की एक काम शिल्लक आहे. ओळ कुठे आहे, ती काय करते, किती वर्षं करते, कुणी लिहिली, सगळं. चार ओळी पुरल्या नाहीत, मागच्या बाजूला लिहिलं. मॅनेजरांचं नाव त्याने घातलं नाही, आपलं ठळक घातलं. फोटो काढला आणि मॅनेजर, एचआर, वकील, जितके पत्ते पाठ होते तितक्यांना पाठवून दिला. बारा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं.

अर्ध्या तासात मिस्त्री आला. त्याच्या फोनवर काम आलं होतं, कुलपाचा आकडा आला होता. तो वर गेला आणि उतरला तेव्हा त्याच्या हातात ब्रेकची पट्टी होती. झिजून झिजून ती पत्र्यासारखी झाली होती. सेक्रेटरींनी ती पाहिली आणि फोन खिशात घातला. मिस्त्री मुंगळ्याला बाजूला घेऊन म्हणाला, आणखी एक फ्रिज सोसला नसता.

मग मॅनेजरांचा फोन आला. शिफारसपत्राचं त्यांनी एका वाक्यात संपवलं. पुढे त्यांचा आवाज बदलला. तो माणूस घाबरला होता. ओळ काढली, म्हणाले, आता तक्रारी भडाभडा येतायत, सव्वाशे झाल्या, पण यात धूळ कोणती आणि खरी कोणती? जुने आकडे तर बाराला पुसले गेले. मेकॅनिक निम्मे घरी. सगळ्या तपासायला आठवडा जाईल. तू म्हणतोस त्या चार कोणत्या, तेवढ्या सांग. आत्ता बंद करतो.

मुंगळ्याने डोळे मिटले. यादी समोर आणली. पहिला नंबर सांगितला. पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. दुसरा सांगितला. तिसरा जरा अडखळला, मग तोही आला. तिन्ही बंद झाल्या.

"चौथी?"

चौथी त्याला दिसत होती. यादीत खालून सहावी. रोज किंचित जास्त खाली, एकदाही वर न येता. चौघींत तीच सर्वांत वाईट होती, म्हणून दुपारी सगळ्यांत आधी तिलाच पाठवायचं त्याने ठरवलं होतं. चहाच्या कपाची सावली यादीतल्या त्या ओळीवर पडली होती, तेसुद्धा दिसत होतं. नंबर तेवढा दिसत नव्हता.

"चौथी कोणती?" मॅनेजरांनी पुन्हा विचारलं.

जिन्यावरून माणसं बडबडत, धापा टाकत वर चढत होती. अप्पा खालच्या पायरीवर बसून मुलाच्या तोंडाकडे बघत होते. मुंगळ्याने फोन कानाला आणखी घट्ट दाबला, जणू कुठेतरी लांब कोणत्यातरी इमारतीत दार मिटल्याचा आवाज त्यातून ऐकू येणार होता.